७×५७ की ६.५×५५? सौम्य धक्क्याच्या रायफलबद्दल ठाम मतं हवीत

रानवेल
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं .३०-०६ (जोरदार धक्क्याचं काडतूस) वापरते आहे. उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा डॉक्टरांनी शिकार बंद करायला सांगितलं नाही, पण धक्का कमी करा म्हणून बजावलं. मलाही आता जाणवतं, की सरावाला बसले की थोड्या वेळाने चाप ओढायच्या आधीच डोळा मिटतो. अशा अवस्थेत जनावरावर नेम धरणं मला पटत नाही.

शोधता शोधता दोन काडतुसांवर येऊन थांबले आहे: ७×५७ माउझर आणि ६.५×५५ स्वीडिश (आकडे मिलिमीटरमध्ये: साधारण गोळीचा व्यास × काडतुसाच्या पितळी पुंगळीची लांबी). दोन्ही शंभरी ओलांडलेली, दोन्हींची ख्याती सौम्य म्हणून. नेहमीचं म्हणजे हरीण आणि रानडुक्कर, क्वचित गटाबरोबर मूस (थंड प्रदेशातलं प्रचंड हरीण). अंतर बहुतेक वेळा १५० मीटरच्या आत, फार तर २५०. दोन वापरलेल्या रायफली नजरेसमोर आहेत. ७×५७ ची जुन्या घडणीची, १८९८ च्या माउझर बोल्टची (काडतूस आत ढकलून बंद करणारा सरकता दांडा), लाकडी दस्त्याची. ६.५×५५ ची अलीकडची, कृत्रिम दस्त्याची, अगदी हलकी. काडतुसं मी घरी भरत नाही, विकतचीच वापरते.

"दोन्ही छान आहेत" असं कृपया सांगू नका. एक निवडा आणि का ते सांगा.

उत्तरध्रुव
६.५×५५. डोळे मिटून घ्या (चाप ओढताना मात्र उघडे ठेवा).

स्वीडन-नॉर्वेत पिढ्यानपिढ्या मूस याच काडतुसाने मारला जातोय. याची कमाल वेगात नाही, गोळीच्या लांबीत आहे. ६.५ ची १४० ग्रेनची (ग्रेन म्हणजे वजनाचं माप, साधारण १५ ग्रेनचा एक ग्रॅम) गोळी बारीक आणि लांब असते, म्हणून वारा कमी लागतो आणि खोल जाते. १५६ ग्रेनची घेतलीत तर तिची सेक्शनल डेन्सिटी (जाडीच्या मानाने गोळीचं वजन) .३२० च्या आसपास. ७ मिमीमध्ये एवढा आकडा गाठायला १७५ ग्रेनच्याही पुढे जावं लागतं, आणि तेवढा धक्का खांद्यावर येतो.

अवलिया५७
ताई, ७×५७. पाउल माउझरने १८९२ मध्ये बनवलं, १८९३ मध्ये स्पेनच्या सैन्याने घेतलं. १८९८ ला क्यूबात सान हुआनच्या टेकडीवर अमेरिकन सैन्याला याचा असा काही अनुभव आला, की पुढे त्यांनी आपली रायफल माउझरच्याच वळणावर बांधली. बोअर युद्धातही तेच. एवढी परीक्षा देऊन आलेलं काडतूस हरणाला कमी कसं पडेल?

उत्तरध्रुव
@अवलिया५७, युद्धाचा इतिहास हरणाला माहीत नसतो हो. ताईंनी धक्क्याबद्दल विचारलंय.

दगडफूल
दोन्ही नको. ७ मिमी-०८ घ्या. १९८० मध्ये आलं, .३०८ च्या पुंगळीची मान आवळून केलेलं, गोळ्या त्याच ७ मिमीच्या, वेग जवळपास ७×५७ इतकाच. वर आखूड बोल्टमध्ये बसतं. किंवा ६.५ क्रीडमूर, २००७ पासून आहे आणि जाल तिथे मिळतं. जुन्याचा एवढा अट्टहास कशाला?

रानवेल
@दगडफूल, अट्टहास नाही. समोर ज्या दोन रायफली आहेत त्यांचे मालक ओळखीचे आहेत आणि दोन्ही नीट जपलेल्या आहेत. नवी घ्यायची झाली तर तुमचं म्हणणं नक्की विचारात घेईन.

जुना_वाचक
.२७५ रिग्बी हे ७×५७ चंच इंग्रजी रूप, हे इथे नमूद करतो. इंग्रजांनी नळीचा व्यास आट्यांच्या (गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या वळणांच्या) उंचवट्यांवरून मोजला म्हणून .२७५, खाचांवरून मोजला तर .२८४. काडतूस तेच.

जिम कॉर्बेटला चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ मध्ये मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी भेट दिलेली रायफल हीच. दस्त्यावर तशी चकती बसवलेली आहे. रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६ मध्ये त्याच रायफलने पडला. लहानपणी हे सगळं वाचताना काडतूस नेमकं कुठलं याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. पुढे ती रायफल रिग्बी कंपनीनेच परत मिळवली.

अवलिया५७
वा! आणि बेलला विसरू नका. आफ्रिकेतला शिकारी 'करामोजो' बेल, त्याने हजाराच्या वर हत्ती मारले, त्यातले बहुतेक ७×५७ ने. आजच्या नजरेला तो आकडा बघवत नाही, पण गोळी किती खोल जात होती याचा तो पुरावा आहे.

मास्तर_दूरचे
बेलचं नाव निघालं की माणसं अर्धीच गोष्ट सांगतात. त्याने १७३ ग्रेनच्या, पूर्ण धातूच्या आवरणाच्या लष्करी गोळ्या वापरल्या आणि नेम मेंदूवर धरला. मेंदू कवटीत नेमका कुठे असतो हे कळावं म्हणून त्याने हत्तीची कवटी करवतीने उभी चिरून पाहिली होती. यश त्या अभ्यासाचं होतं. मध्यम काडतूस मोठ्या जनावराला पुरतं हे त्यावरून सिद्ध होत नाही. गोळी कुठे लागली पाहिजे हे माहीत असलेल्या माणसाच्या हातात ते पुरलं, एवढंच सिद्ध होतं.

आता ताईंच्या प्रश्नाकडे. धक्का हा काडतुसाचा गुण म्हणून मोजू नका. तो काडतूस आणि रायफल या जोडीचा असतो. ढोबळ गणित मांडतो. रायफल ३.६ किलोची, दुर्बिणीसकट. .३०-०६ मधून १८० ग्रेनची गोळी सुटली की मागे येणारी ऊर्जा साधारण ३० जूल. ७×५७ मधून १४० ग्रेनची: १८ ते १९ जूल. ६.५×५५ मधून १४० ग्रेनची: १७ ते १८ जूल. म्हणजे या दोघांतला फरक जेमतेम एक जूल, आणि दोन्ही .३०-०६ च्या साठ टक्क्यांच्या आसपास. हा एक जूल कुठल्याही खांद्याला कळणार नाही.

पण तीच ६.५×५५ जर २.७ किलोच्या हलक्या रायफलमध्ये असेल, तर आकडा २३ जूलवर जातो. तुमची ६.५ "अगदी हलकी" आहे म्हणता. वजन करून बघा आधी.

हरकाम्या
मास्तर आले, धागा मार्गी लागला. वाचनखूण साठवली आहे.

उत्तरध्रुव
मास्तरांचा हिशोब मान्य. मग माझा मुद्दा असा मांडतो: धक्का सारखाच असेल तर त्याच धक्क्यात जास्त काय मिळतं ते बघा. ताई मूसबद्दलही बोलल्या आहेत. स्वीडनमध्ये मूससाठी वर्ग १ चा दारूगोळा लागतो. गोळी किमान ९ ग्रॅमची आणि १०० मीटरवर २७०० जूल, किंवा १० ग्रॅम आणि वर असेल तर २००० जूल. १५६ ग्रेनची गोळी १०.१ ग्रॅम भरते, त्यामुळे ६.५×५५ दुसऱ्या कलमात आरामात बसतं. १३९-१४० ग्रेनची बसवायला मात्र धाप लागते.

अवलिया५७
आणि ७×५७ त्याच कलमात १५६ पासून १७५ ग्रेनपर्यंत बसतं. बोला!

निशाणी
एक प्रश्न, नवीन आहे म्हणून विचारते. अमेरिकन पेट्यांवर ७×५७ ची १४० ग्रेनची गोळी २६६० फूट प्रति सेकंद लिहिलेली दिसते, आणि ६.५×५५ ची २५५० च्या आसपास. युरोपातल्या पेट्यांवर आकडे वरचे असतात. एकाच काडतुसाचे दोन वेग कसे?

मास्तर_दूरचे
चांगला प्रश्न. दोन्ही काडतुसं ज्या रायफलींसाठी जन्मली त्या जुन्या आहेत. स्पेनची १८९३ ची माउझर, स्वीडनच्या १८९४ आणि १८९६ च्या, नॉर्वेची क्राग-यॉर्गेन्सन. या बोल्टना ९८ च्या माउझरसारखी तिसरी सुरक्षेची कडी नाही. पुंगळी फाटली तर वायू बाहेर काढून द्यायची ९८ मधली सोयही तशी नाही. अमेरिकेतल्या कारखान्यांना कुठली पेटी कुठल्या रायफलमध्ये जाईल हे माहीत नसतं, म्हणून ते दाब कमी ठेवतात. युरोपात सी.आय.पी.ची (काडतुसांचे दाब ठरवणाऱ्या संस्थेची) मर्यादा ७×५७ ला ३९०० बार आणि ६.५×५५ ला ३८०० बार आहे.

हे केवळ माहितीसाठी नाही. जुनी लष्करी रायफल असेल तर तिला जोरकस भरलेली काडतुसं देऊ नका. आधी जाणकार बंदूक कारागिराकडून हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातली मोकळी जागा) तपासून घ्या. ताईंची ७×५७ ही ९८ च्या बोल्टची आहे, ती चांगल्या स्थितीत असेल तर काळजी नाही.

दगडफूल
अवांतर: ७×५७ ची मान आवळून .२५७ रॉबर्ट्स झालं, रेमिंग्टनने १९३४ मध्ये बाजारात आणलं. त्याच घराण्यातून पुढे ६ मिमी रेमिंग्टन. सौम्य धक्काच हवा तर .२५७ सारखं काही नाही.

अवलिया५७
दगडफूल, तिसरं, चौथं, पाचवं काडतूस सुचवून झालं. आता ताईंना निवांत दोनांतून निवडू द्या.

दगडफूल
:) बरं. तोंड बंद. पण .२५७ खरंच गोड आहे.

कोवळं_ऊन
मी ६.५×५५ वापरते, हाडापेराने लहान आहे. माझा अनुभव: त्रास धक्क्यापेक्षा दस्त्याच्या लांबीने जास्त होतो. चापापासून दस्त्याच्या बुडापर्यंतची लांबी जास्त असेल तर आपण मान पुढे ताणतो, दस्ता खांद्याच्या खोबणीऐवजी दंडावर टेकतो, आणि मग सौम्य काडतूसही लागतं. रानवेलताई, शस्त्रक्रिया झालेला खांदा असेल तर हे आधी बघा. जाड कोट घालून मोजा, कारण शिकारीला तोच अंगावर असणार.

रानवेल
@कोवळं_ऊन, हे कुणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. .३०-०६ बद्दलही हेच होत असावं असं आता वाटतंय.

पिळदार
पिळ्याबद्दल (नळीतले आटे किती अंतरात एक फेरा घेतात) कुणी बोललं नाही अजून. ६.५×५५ च्या मूळ नळ्यांना दर २०० मिमीला एक फेरा, ७×५७ च्या मूळ नळ्यांना २२० मिमीला. दोन्ही घट्ट पिळे, कारण मूळ गोळ्या जड आणि लांब होत्या: तिकडे १५६ ग्रेन, इकडे १७३, दोन्ही गोल नाकाच्या. आता बऱ्याच ठिकाणी शिसं वापरायला बंदी येते आहे. तांब्याची गोळी शिशापेक्षा हलकी, म्हणून त्याच वजनाला ती लांब होते आणि तिला स्थिर राहायला जास्त पिळा लागतो. हे दोघेही शंभर वर्षांपूर्वीच त्यासाठी तयार होऊन बसले आहेत.

दुसरी बाजू अशी, की त्या लांब गोल नाकाच्या गोळ्यांसाठी चेंबरपुढचा (काडतूस बसतं त्या जागेच्या पुढचा, आटे सुरू होण्याआधीचा) घसाही लांब कापलेला असतो. १२० ग्रेनची टोकदार गोळी घातली, तर तिला आटे गाठेपर्यंत मोकळी उडी मारावी लागते. काही नळ्या हे खपवून घेतात, काही नेम पसरवतात. जुन्या घडणीच्या ७×५७ मध्ये हे तपासाच.

निशाणी
घसा किती लांब आहे हे घरी कळतं का?

पिळदार
कळतं, आणि महागडं काही लागत नाही. आधी रायफल रिकामी असल्याची खात्री, मग पुन्हा एकदा खात्री. बोल्ट बंद करायचा. सपाट टोकाचा साफसफाईचा गज पुढून नळीत घालून बोल्टच्या तोंडाला टेकवायचा आणि नळीच्या टोकाशी गजावर ब्लेडने रेघ मारायची. मग बोल्ट काढून मागून नुसती गोळी (काडतूस नव्हे, नुसती गोळी) चेंबरमधून पुढे सरकवायची, आट्यांना लागेपर्यंत, आणि पेन्सिलीने हलकेच धरून ठेवायची. गज पुन्हा पुढून घालायचा, गोळीच्या नाकाला टेकला की दुसरी रेघ. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे त्या गोळीसह आट्यांना टेकणाऱ्या काडतुसाची लांबी. विकतच्या काडतुसाची लांबी त्यातून वजा केली की उडी किती ते समजतं.

मास्तर_दूरचे
+१. पेन्सिलीने जोर लावू नका, नाहीतर गोळी आट्यांत रुतून बसते आणि माप चुकतं.

उत्तरध्रुव
लांब पल्ल्याबद्दल एक. २०० यार्डांवर शून्य धरलं (दुर्बिणीचा नेम तिथे जुळवला) तर ३०० यार्डांवर दोन्हींच्या १४० ग्रेनच्या गोळ्या वीतभर खाली जातात. इथे फरक काढणं म्हणजे ओढूनताणून आहे, हे मीही मान्य करतो. वाऱ्यात मात्र ६.५ सरस.

जुना_वाचक
२५० मीटरच्या आत वारा कितीसा खेळणार? सौम्य काडतुसांचा मला आवडणारा गुण वेगळाच आहे. वेग बेताचा असल्यामुळे मांस नासत नाही. जोरकस मॅग्नमने जवळून मारलेल्या हरणाचा पुढचा खांदा रक्ताळून टाकून द्यावा लागतो. ८०० मीटर प्रति सेकंदाच्या आसपासची गोळी भोक पाडून पलीकडे जाते, बाजूचं मांस शाबूत राहतं.

कोवळं_ऊन
अगदी. मात्र पहिल्या क्षणी जनावर कोसळेल ही अपेक्षा ठेवू नये. फुप्फुसातून गोळी पार गेली तरी हरीण धावतं. जागेवर थांबून ते कुठल्या झुडपाशी दिसेनासं झालं हे लक्षात ठेवायचं, थोडा वेळ जाऊ द्यायचा, मग रक्त शोधायचं. फिकट, फेसाळ रक्त असेल तर फुप्फुस.

मास्तर_दूरचे
रानवेलताई, रायफल बघायला जाल तेव्हा एक चाचणी करा. मैदानावर सोबत कुणाला तरी न्या. तुम्हाला न दाखवता त्यांनी मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत एखादं डमी काडतूस मिसळायचं. डमीवर चाप ओढला की बार होत नाही, आणि तुमचा हात काय करतो ते उघडं पडतं. नळी खाली झुकली, खांदा पुढे आला, तर धक्क्याची धास्ती अजून आहे. दोन्ही रायफलींवर करा. जिच्यावर क्रॉसहेअर (दुर्बिणीतली नेमाची फुली) स्थिर राहतील ती तुमची. काडतुसाचं नाव नंतर वाचा.

रानवेल
मंडळी, दोन्ही रायफली झाडून आले. सविस्तर लिहिते.

६.५×५५ दुर्बिणीसकट तीन किलोही भरली नाही. गटबांधणी (गोळ्या किती जवळजवळ लागतात ते) सुरेख, अगदी दृष्ट लागावी अशी, पण हलकेपणामुळे धक्का टोचल्यासारखा येतो. डमीवर नळी दर वेळी खाली झुकली. ७×५७ चार किलोच्या जवळ जाते. तिचा धक्का मागे ढकलल्यासारखा आला, आणि सुरुवातीच्या डमीनंतर क्रॉसहेअर जागचे हलेनात. बरोबरच्या मैत्रिणीने आणखी डमी मिसळून पाहिले, तरी तेच. दस्ता मात्र मला लांब पडतो. कोवळं_ऊन यांनी सांगितल्याप्रमाणे कोट घालून मोजला, सुमारे दोन सेंटीमीटर कमी करून रबरी पॅड लावावा लागेल.

पिळदार यांची गजाची युक्तीही केली. घसा खरंच लांब आहे. १४० ग्रेनच्या टोकदार गोळीने १०० मीटरवर गट तळहाताएवढा पसरला, १७३ ग्रेनच्या गोल नाकाच्या गोळीने तीन भोकं एकमेकांना चिकटली. मी ७×५७ घेते आहे.

अवलिया५७
पेढे! पेढे!

उत्तरध्रुव
अभिनंदन ताई. तरी नोंदवून ठेवतो: तीच ६.५×५५ चार किलोच्या लाकडी दस्त्यात असती तर निकाल वेगळा लागला असता. त्या रायफलवर वजनदार दस्ता चढवण्याचा विचार करून बघितलात का?

रानवेल
@उत्तरध्रुव, केला. पण दस्ता बदलून, पॅड लावून, परत सगळं जुळवण्यापेक्षा जी आत्ता हाती नीट बसते तिचा दस्ता थोडा कापणं मला सोपं वाटलं. तुमचा मुद्दा चुकीचा नाही.

आता पुढचा प्रश्न. सराव आणि हरणासाठी १४० ग्रेन, मूससाठी १७३ ग्रेन, अशा दोन पेट्या ठेवू का?

मास्तर_दूरचे
नको. १४० आणि १७३ चे बार एकाच जागी पडत नाहीत. १०० मीटरवरच काही सेंटीमीटरचा फरक येतो, कधी आडवाही. हंगामात एखाद्या पहाटे दुर्बीण कुठल्या गोळीवर शून्य केली होती हे आठवत बसावं लागेल. शिवाय तुमची नळी १४० वर खूश नाही हे तुम्हीच पाहिलंत.

१५६ ते १६२ ग्रेनमध्ये बाँडेड (आवरण आतल्या शिशाला पक्कं जोडलेली) किंवा तशीच मजबूत गोळी बघा, विकत मिळते. १५६ म्हणजे १०.१ ग्रॅम, तेव्हा उत्तरध्रुव यांनी सांगितलेल्या दहा ग्रॅमच्या कलमातही बसेल. तुमच्या भागातला मूसचा नियम तेवढा वाचून घ्या. हरीण, डुक्कर, मूस, सराव, सगळ्याला एकच गोळी. १४० पेक्षा धक्का किंचित वाढेल, चार किलोच्या रायफलमध्ये तो पेलेल. आधी एकच पेटी घेऊन गट बघा, आवडला तर एकाच लॉटच्या जास्त पेट्या घ्या.

पिळदार
आणि दस्ता कापून झाल्यावर पुन्हा शून्य करा. डोळ्याचं दुर्बिणीपासूनचं अंतर बदलतं, त्यामुळे दुर्बीणही पुढेमागे सरकवावी लागेल. कारागिराकडे जाताना तोच जाड कोट घालून जा.

रानवेल
१५६ ग्रेनच्या पेटीचा गट कालच बघितला. १७३ इतका घट्ट नाही, पण १४० पेक्षा निम्म्याने लहान. त्याच लॉटच्या आणखी पेट्या बाजूला ठेवायला सांगितल्या आहेत. दस्ता शनिवारी कारागिराकडे जातोय, कोटासकट.